वेळासचा पाहुणचार

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेची मंडळी २००२ साली समुद्रगरुडांची घरटी शोधत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला पोचली आणि तिथल्या वाळूत त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफलं दिसली. ऑलिव्ह रिडले जातीच्या माद्या हिवाळ्यात इथं येतात, हे गावाला पूर्वापार ठाऊक होतं. अंडी उकरून खाणं-विकणंही तितकंच जुनं. कायद्यानं हे कासव वाघाच्याच अनुसूचीत बसतं, पण मध्यरात्री किनाऱ्यावर कायदा सांगायला कोण जाणार?

संस्थेच्या भाऊ काटदरे आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच तरुणांना हाताशी धरलं. पहाटे वाळूतला माग काढायचा, घरटं हुडकायचं, शंभरेक अंडी अलगद उचलून जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात ठेवायची. मग दीड-दोन महिने राखण. पिल्लं निघायची वेळ जवळ आली की खड्ड्यावर टोपली पालथी घालायची. पूर्वी अंडी नेणारे हातच राखणीला आले, तर काम टिकणार होतं.

पण राखणीवर गावाचं पोट कसं भरणार? त्यातून २००६ मध्ये कासव महोत्सव सुरू झाला. या वाटचालीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय मला इथं दिसतो. पाहुण्यांसाठी लॉज बांधायच्या फंदात न पडता त्यांना घराघरांत उतरवायचं ठरलं. ओसरीवर किंवा माजघरात गाद्या, जेवायला घरात शिजेल ते: भात, आमटी, भाजी, सोलकढी. पैसे रांधणाऱ्या घरातच राहिले. एखाद्या मालकानं मोठं हॉटेल काढलं असतं, तर कासव त्या एकट्याचं झालं असतं आणि बाकी गाव पुन्हा अंड्यांकडे वळलं असतं, असं मला ठामपणे वाटतं.

किनाऱ्यावरची शिस्त कडक. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलायची. पिल्लं निघालेली असतील तर दोरीमागे उभं राहून बघायचं. हात लावायचा नाही, फ्लॅश मारायचा नाही. पिल्लू वाळूवरून आपलं आपण सरपटत पाण्यापर्यंत जातं. मध्येच उलटं पडलं तर फक्त कासवमित्र, म्हणजे राखण करणारा गावकरी, पुढे होतो. टोपलीखाली काहीच नसेल तर लांबून आलेला पाहुणाही तसाच परततो, त्याच्यासाठी घरटं उकरलं जात नाही. गिऱ्हाईक रुसेल म्हणून नियम वाकवायची सवय लागलेल्या पर्यटनधंद्यात ही गोष्ट फार मोलाची आहे.

पुढे संस्थेनं ही जबाबदारी गावकऱ्यांच्या आणि वनखात्याच्या हाती सोपवली. आंजर्ल्यासारख्या गावांनीही हा मार्ग धरला. २०२० मध्ये आधी टाळेबंदी आली, मग जूनच्या निसर्ग वादळानं या पट्ट्यातल्या बागा आडव्या केल्या. तरी राखण मोडली नाही. जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्याच किनाऱ्यावर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं. तिचं नाव ‘प्रथमा’.

आता धास्ती वेगळी आहे. कोकणात समुद्राला खेटून रिसॉर्ट उभी राहताहेत. पिल्लं उजेडाच्या दिशेनं जातात. समुद्रापेक्षा अंगणातला दिवा प्रखर असला, तर ती उलटी जमिनीकडे वळतात. वेळासला पाहुण्यांची गर्दी सोसवेल, पण किनाऱ्यालगतचे दिवे विणीच्या हंगामात मालवायलाच हवेत, आणि हे गावानं आताच ठरवून ठेवलेलं बरं.