सव्वा महिना, तेविसावा मजला

आधी नाकाला कळतं. ऊद, जळलेली साखर, आणि त्याखाली एक कडवट वास, जो तुमच्या आजीच्या फडताळातल्या पुडीला यायचा. मग डोळे धुराला सरावतात. जानेवारी 1999. मिनीॲपोलिसच्या सीडर-रिव्हरसाइड वस्तीत, 1973 साली बांधलेल्या त्या रंगीत पट्ट्यांच्या मनोऱ्यांपैकी एकात, तेविसाव्या मजल्यावर तुम्ही उभे आहात. बाहेर शून्याखाली वीस अंश. तुम्ही कोणाला दिसत नाही, म्हणून पुरुष असलात तरी खुशाल आत या. एरवी दारातूनच परत पाठवलं असतं.

गादीवर विशीतली बाळंतीण आहे. सोमालीत तिला 'उमुल' म्हणतात. कानांत दोऱ्यात ओवलेल्या लसणाच्या पाकळ्या. कुशीतल्या मुलीच्या मनगटाला दोरा, त्यात काळपट-तांबूस खडा: 'मल्मल'. ओळखलात? हिराबोळ. बाळंतबोळ म्हणून तुमच्या घरात उगाळला जायचा, तोच.

कोपऱ्यात 'दब्काद' नावाची मातीची धुपाटणी. दिवसातून दोनदा तिच्यात 'उन्सी' पडते, बाहेरच्या जगाचा वास बाळाला बाधू नये म्हणून. धूर छताला लागतो आणि आगीचा भोंगा कोकलू लागतो. एक मावशी, सोमालीत 'हबरयर', शालीने वारा घालत त्याला गप्प करते. रोजचंच असावं, कोणी मानही वळवत नाही.

आज चौदावा दिवस. 'अफरतन' म्हणजे चाळीस; तेवढे दिवस ही उंबरा ओलांडणार नाही. दवाखान्यात नर्सने प्रेमाने बर्फाचं पाणी पुढे केलं, तेव्हा हिने ग्लास उशाशी तसाच ठेवला. तुमच्या आईनेही तेच केलं असतं. इथे वेलदोडा-दालचिनीचा दुधाळ चहा, 'शाह', थर्मासमधून येत राहतो. पण खरं पाहायचं ते वेगळंच. खोलीत बायका किती आहेत ते मोजा. सहा. यांतली सख्खी एकच. एक स्वयंपाक करते, एक मोठ्या मुलाला शाळेतून आणते, आणि एक जण काहीच करत नाही, नुसती पाय पसरून बसून बोलते. मला विचाराल तर तिचंच काम सगळ्यांत मोलाचं. बाळ नीट दूध ओढत नाही हे तिसऱ्या दिवशी तिच्याच लक्षात आलं. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून रडली, तेव्हा कोणता फॉर्म भरायला न सांगता तिचं डोकं मांडीवर घेतलं, तेही तिनेच. नवरा टर्कीच्या कारखान्यात रात्रपाळीला. त्याची ओढाताण जाणून बायकांनी या महिन्याची 'हग्बद', म्हणजे बिनव्याजी भिशी, हिच्या नावाने फिरवली आहे. खरा नंबर तिसरीचाच होता.

जिन्याने दोन मजले खाली उतरा. इथे ओरोमो बोलतात आणि आज बाळाचा पाचवा दिवस आहे. ओरोमोत 'शन' म्हणजे पाच, त्यावरून सणाचं नाव 'शनान'. तुम्हाला पाचवी आठवणारच. मात्र सटवाई इथे शोधू नका. मधोमध 'मर्का' नावाचा पिठाचा घट्ट गोळा, त्याला खळगा पाडून त्यात मसाल्याचं लोणी ओतलेलं. बायका एकाच ताटातून खातात, ओव्या घालाव्यात तशी गाणी जोडतात. इथिओपियात सम्राट हाइले सेलासींच्या राज्यात शाळेत आणि छापील कागदावर या भाषेला जागा नव्हती. ती टिकली ती अशा ताटांभोवती. बाळंतिणीच्या कानावर पाच दिवस तिचीच भाषा पडते आहे. अंगात बळ लोण्याने किती आणि बोलीने किती, हे कोणी वेगळं काढून दाखवावं!

पुन्हा वर या. मल्मलचा खडा नाकाशी धरा.

1992. केनियातली दादाब, इफो छावणी. सोमालियातल्या यादवीतून पळालेल्यांसाठी उभारलेल्या या छावण्या नव्वद हजार माणसांच्या हिशेबाने आखल्या होत्या. पुढे इथे चार लाखांहून जास्त राहणार आहेत. वाकवलेल्या काटक्यांवर प्लास्टिक ताणलेलं. आत बाळंतीण, तिची आई वाटेतच मेलेली. लाकूडफाटा आणायला जाणं म्हणजे हल्ल्याची भीती, तरी शेजारणी पहाटे टोळीने जातात आणि हिच्या वाटणीची मोळी हिच्या दाराशी टाकतात. त्यांतली एक हिच्या नवऱ्याशी लढलेल्या कुळातली. बोलणं नाही, फक्त मोळी. शिध्यातल्या मक्याची पेज, वर चमचाभर तेल. चाळीस दिवस मोजायला दोरीला गाठी मारलेल्या.

आणखी मागे. 1850चं दशक, सोमाली किनाऱ्यावरचं बर्बेराचं बंदर. उन्हाळ्यात ओस पडणाऱ्या किनाऱ्यावर हिवाळी जत्रा भरली आहे. हरारच्या डोंगराकडून उंटांचे काफिले येतात: कॉफी, तूप, डिंक, धूप, बोळ. आणि दोराने बांधलेली माणसंही. तिकडून नजर काढू नका. कापड घेऊन आलेले बनिये मापं मोजतात. गलबतं मुंबईला निघतात. तुमच्या आजीच्या फडताळातली ती पुडी अशाच वाटेने आली.

आता पुढे. 2017, तोच तेविसावा मजला. मिनेसोटात गोवर पसरला आहे, सत्तरहून अधिक रुग्ण, बहुतेक सोमाली मुलं. लसीने स्वमग्नता (ऑटिझम) येते ही खोटी भीती इथल्या आयांच्या मनात शिरली. 2004 साली सोमाली घरांतल्या शंभरांतल्या 92 मुलांना गोवराची लस मिळालेली होती, 2014 साली 42. ज्या मांडीवर डोकं ठेवलं तिथूनच ही भीतीही पसरली. विश्वास ही अशीच वस्तू आहे, आत काय भरलं ते ती विचारत नाही. आरोग्यखात्याचं सोमालीत छापलेलं पत्रक दब्कादखाली घातलेलं आहे, राख सांडू नये म्हणून.

गादीवर नवी बाळंतीण, तिचं थोरलं दोन वर्षांचं, बिनलसीचं. आणि दारात अठरा वर्षांची एक मुलगी, बूट काढते आहे. हीच ती, 1999ची, मनगटावर मल्मल बांधलेली. ती येऊन मावशीच्या पायाशी बसते, शाह ओतून घेते, अर्धा पेला संपेपर्यंत लसीचं नावही काढत नाही. मग म्हणते, "हबरयर, मला लहानपणी टोचलं होतं ना?"

मावशी शालीने भोंग्याला वारा घालायची थांबते.

"टोचलं होतं की," ती म्हणते. "मीच घेऊन गेले होते."