तालमीत न मावलेला बाप

मूल झाले की पुरुषाचे अंग सुटणार, हे आपण निसर्गनियम असल्यासारखे मान्य करून टाकले आहे. 'संसाराला लागला' एवढे म्हटले की त्याच्या व्यायामाबद्दल पुढे कोणी विचारत नाही. त्यालाच विचारले तर वेळ नाही, रात्रीची झोप नाही, असे उत्तर येते. आजच्या दोन खोल्यांच्या घरातल्या बापापुरते ते खरेही आहे. पण महाराष्ट्रातल्या व्यायामाचा इतिहास पाहिला तर ही सवय तुटण्याचे मूळ वेळेच्या टंचाईपेक्षा जुने दिसते. बळ ब्रह्मचाऱ्याचे, गृहस्थाला ते राखता येत नाही, या समजुतीत ते मूळ आहे. वेळेची सबब तिच्यावर मागाहून येऊन बसली.

तालमीची रचनाच पाहा. दार ठेंगणे, वाकून आत शिरायचे. समोर शेंदूर चढवलेला मारुती. मधल्या हौद्यातली तांबडी माती ताक, तेल, हळद, लिंबू घालून मऊ केलेली. पोरे तिथेच जोर मारायची, बैठका काढायची, तिथेच स्वयंपाक करून झोपायची. शाहू महाराजांनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागचे मैदान उभे राहिले आणि वस्तादाच्या नजरेखाली राहणाऱ्या पैलवानाचे हे आयुष्य साऱ्या मुलखाला आदर्श वाटू लागले. त्या आयुष्यात बायकोमुलांना जागा नव्हती. 'लंगोटाचा पक्का' या शब्दप्रयोगात कुस्ती आणि इंद्रियनिग्रह वेगळे काढताच येत नाहीत. दैवत मारुती, गुरू समर्थ रामदास, जे परंपरेप्रमाणे बोहल्यावरून निघून गेले. बडोद्याला व्यायामाची मोठी चळवळ चालवणारे प्रा. माणिकरावही आजन्म ब्रह्मचारी. वीर्यनाश म्हणजे बलनाश, हे अशा ठिकाणी शिकलेल्या मुलाने लग्नानंतर जोर सोडले, तर तो आळसापेक्षा शिकवणुकीचा परिणाम म्हणावा लागतो.

यावर एक आक्षेप लगेच येईल. त्या काळी लग्ने लहानपणीच होत, मग तालमीत विवाहित पुरुष असणारच. होतेच. टिळकांचे लग्न १८७१ मध्ये झाले आणि त्यानंतर डेक्कन कॉलेजातले पहिले वर्ष त्यांनी शरीर कमावण्यात घालवले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्या वयात लग्न झाले तरी संसार सुरू झालेला नसे. मूल झाल्यावरही, पहिले बाळंतपण माहेरी होई. बाळबाळंतीण महिनोन्महिने तिकडे, बाप आपल्या घरी. एकत्र कुटुंबात रात्री मूल रडले तर उठायला आजी, आत्या, काकू असत. म्हणजे ज्या काळात बापाला रात्री जागावे लागत नव्हते, त्याच काळात गृहस्थाने व्यायाम सोडायचा हा संकेत पक्का झाला. माझ्या म्हणण्याला याहून मोठा पुरावा मला दिसत नाही.

मुंबईच्या गिरणगावाचे उदाहरणही याच बाजूचे आहे. रत्नागिरी-साताऱ्याकडचा गिरणी कामगार बायकोमुले गावी ठेवून एका खोलीत दहाजणांबरोबर राहायचा, खाणावळीत जेवायचा. तिथल्या तालमी आणि व्यायामशाळा भरल्या त्या अशा पुरुषांनी. तो कागदोपत्री बाप होता, पण रोजचे जगणे एकट्याचे होते. व्यायामशाळेला तसाच माणूस सोयीचा होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे. कुस्ती बापाकडूनच मुलाकडे गेली, मग बाप तालमीबाहेर कसा? हेलसिंकीत १९५२ मध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव गोळेश्वरला वडिलांच्याच, दादासाहेबांच्या, हाताखाली तयार झाले. पण त्यांची सुरुवात झाली ती पाच वर्षांच्या वयात, मूल मातीत उतरण्याजोगे झाल्यावर. परंपरेला जोर मारणारा पोरगा माहीत आहे आणि पोरांना डाव शिकवणारा वस्ताद माहीत आहे. मधली पाळण्याची वर्षे तिने कोरी सोडली. शेतात राबणाऱ्याला ती जाणवली नाहीत. नांगर आणि मोट त्याचे अंग राखत होती. जाणवली ती बसून काम करणाऱ्याला: कारकुनाला, मास्तराला, दुकानदाराला.

ही कोरी जागा औंध संस्थानच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी भरून काढली. भवानराव श्रीनिवासराव हे त्यांचे नाव, जन्म १८६८ चा. १८९७ पासून दहाएक वर्षे त्यांनी युरोपातल्या प्रसिद्ध बलवान सँडोची उपकरणे वापरून व्यायाम केला. सूर्यनमस्कार त्यांनी धरले ते १९०८ मध्ये, मिरजेच्या राजेसाहेबांच्या सांगण्यावरून. वय चाळीस. पुढल्या वर्षी औंधच्या गादीवर बसले आणि पुत्र अप्पा पंत १९१२ मध्ये जन्मले. म्हणजे नमस्कारांचा हा पुरस्कर्ता विशीतला ब्रह्मचारी नव्हता. राज्य आणि लहान मुले एकदमच सांभाळणारा गृहस्थ होता, आणि त्याच्या व्यायामाचा घाटही तसाच आहे. अंथरायला सतरंजी, माणूस आडवा पडेल एवढी जमीन, दहा अवस्था. ना हौदा, ना जोडी, ना खुराकाचे बदाम. साष्टांगात कपाळ, छाती, तळवे, गुडघे, पाऊलबोटे टेकली की पुन्हा उठायचे, आणि मुखाने सूर्याचे नाव. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालत. संस्थानच्या शाळांत ते सक्तीचे झाले, मुलींनाही. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन यांनी संपादित केलेले त्यांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये निघाले, त्यातही हा व्यायाम अख्ख्या घराने करायचा म्हणूनच सांगितला आहे.

राजाला काय, हाताशी नोकर आणि मोकळा वेळ, असे म्हणता येईल. ते खरे आहे. औंधच्या वाड्यात पाळण्याची दोरी राजाच्या हाती असेल असे मीही म्हणत नाही. शाळेतली सक्तीही मला पटत नाही. पण राजाने सांगितलेली गोष्ट राजालाच परवडणारी होती का, हे तपासावे. खासबागला राजाश्रय लागला, हौद्याला माती लागली, पैलवानाला दूधतूप लागले. नमस्काराला यातले काही लागत नाही. शिवाय त्यात मध्येच थांबता येते. सातव्या नमस्काराला मूल उठले तर ते उचलावे, निजले की आठवा घालावा. काही बिघडत नाही. कुस्तीची जोड अशी अर्ध्यावर सोडता येत नाही. माझ्या मते नव्या बापासाठी नमस्काराची खरी योग्यता इथे आहे, आणि तिच्याकडे फारसे कोणी लक्ष दिलेले नाही.

मूल झाल्यावर व्यायाम सुटला म्हणून कोणी बापाने स्वतःला दोष देऊ नये. ज्या परंपरेत तो वाढला तिने त्याच्यासाठी जागाच ठेवली नव्हती. पण पुढच्या वेळी घरी बारसे असेल तेव्हा पाळणा कुठे टांगायचा हे ठरवताना त्याच्याशेजारी एक सतरंजी मावते का, तेही पाहून घ्यावे.