चांदीच्या जाळीतील झरणी

भाईंदर पूर्वेच्या औद्योगिक वसाहतींतून फिरताना बफिंग यंत्रांची घरघर सतत कानी पडते. स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे आणि मळकट धातूला आरशासारखी झळाळी देणारे कुशल कारागीर येथे हाकेच्या अंतरावर आहेत. भांडी घेऊन त्यांच्याकडे जरूर जावे. पण आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली, चांदीच्या जाळीने मढवलेली, काळवंडलेली झरणी घेऊन मात्र कदापि जाऊ नये. कापडी चाकावरच्या दोन मिनिटांत तिच्यावरील कोरीवकाम बोथट होते, ठसे पुसले जातात आणि शंभर वर्षे टिकलेली वस्तू निव्वळ चकचकीत नळी होऊन परत येते.

ही भीती काल्पनिक नाही. गिरगाव-दादरच्या चाळींतून मीरा रोड-भाईंदरच्या सदनिकांत आलेल्या अनेक कुटुंबांबरोबर जुन्या ट्रंकाही आल्या आहेत. माळा आवरताना त्यातून एखादे जड, काळपट पेन निघाले की दोनच वाटा सुचतात. एक पॉलिशवाल्याची, दुसरी सराफाची. सराफ आपल्या धर्माला जागून ते तराजूत टाकतो. काही ग्रॅम चांदीचा भाव सांगतो आणि आतली काळी नळी मोडीत काढतो. वस्तुतः संग्राहक जिची किंमत देतो, ती गोष्ट तराजूत येतच नाही.

ही पेने कशी घडली, हे आधी समजून घ्यावे. ल्युइस वॉटरमन यांना अमेरिकेत फाउंटन पेनचे पेटंट मिळाले ते १८८४ साली. त्या काळची पेने एबोनाइटची, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराची असत. काळ्या नळीला शोभा यावी म्हणून तिच्यावर चांदीचे वा सोन्याचे आवरण चढवण्याची प्रथा लवकरच रूढ झाली. कधी सलग नक्षीदार पत्रा, तर कधी वेलबुट्टीची जाळी, जिच्या फटींतून काळे रबर डोकावते. वॉटरमन, पार्कर, इंग्लंडची मेबी टॉड या साऱ्यांनी अशी पेने काढली.

वॉटरमनच्या पेनांवरील क्रमांक म्हणजे जाणकारांची पोथीच. ४५२ या आकड्यातील चार म्हणजे स्टर्लिंग चांदी, पाच म्हणजे तरफेने शाई भरण्याची रचना आणि दोन हा निबाचा आकार. ५५२ म्हणजे चौदा कॅरेट सोने. पण आधी शून्य लागून ०५५२ झाले, की ते भरीव सोने नसून सोन्याचा पातळ थर दाबून बसवलेला हलका धातू होय. एका शून्याने किमतीत केवढा फरक पडतो, हे निराळे सांगायला नको.

ठसे वाचण्यासाठी दहापट मोठे दाखवणारे जवाहिऱ्याचे भिंग पुरेसे आहे. अमेरिकी पेनांवर 'स्टर्लिंग' हा शब्द आढळतो. म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, उरलेले बहुधा तांबे. इंग्रजी चांदीवर चालता सिंह, गावाची खूण (लंडनसाठी चित्त्याचे मुख, बर्मिंगहॅमसाठी नांगर), कारागिराची आद्याक्षरे आणि वर्षदर्शक अक्षर असते. या अक्षरावरून नेमके साल काढता येते, म्हणूनच तो इवलासा ठसा शाबूत राहणे मोलाचे. आपल्याकडील काही ग्राहक 'बीआयएसचा ठसा कुठे आहे?' असे विचारतात. भारतात सोन्याचे हॉलमार्किंग २००० साली आणि चांदीचे २००५ साली सुरू झाले. तेव्हा १९१५च्या पेनावर तो नसणे हा दोष नव्हे. असलाच तर शंका घ्यावी!

सर्वात फसवा ठसा '१८ के. आर.' हा. विशेषतः इटलीत मढवलेल्या पेनांवर तो दिसतो आणि पाहणारा अठरा कॅरेट वाचून थांबतो. पुढचे 'आर' सांगते, की हे रोल्ड गोल्ड आहे. अशा पेनाच्या टोपणाची कड आणि क्लिपचा उंचवटा भिंगाखाली पाहावा. सोने झिजून पितळ उघडे पडलेले बहुधा तेथेच दिसते. लोहचुंबकावर विसंबू नये. चांदी चुंबकाला चिकटत नाही हे खरे, पण अनेक प्रकारचे स्टेनलेस स्टीलही चिकटत नाही. भाईंदरकरांना हे सांगण्याची गरज नसावी.

पार्करचे सर्पाकृती पेन ही संग्राहकांची जुनी आस. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातील या पेनावर हिरव्या खड्यांच्या डोळ्यांचे साप वेटोळे घालून बसलेले असतात. त्याच्या नकलाही भरपूर झाल्या आणि खुद्द पार्करनेही १९९७ मध्ये नवी मर्यादित आवृत्ती काढली. तेव्हा कोणी 'आजोबांचे' म्हणून पुढे केले, तर आधी बनावट पाहावी, कथा नंतर ऐकावी.

आवरणावर आद्याक्षरे कोरलेली असतील तर ती खोडून टाकण्याचा मोह जुन्या व्यापाऱ्यांना होत असे. त्या जागी पत्रा पातळ होतो. पृष्ठभागावर तोंडाची वाफ सोडली, की पुसलेल्या अक्षरांची छाया क्षणभर उमटते. माझ्या मते मूळ मालकाची अक्षरे हा डाग नाही. ती पेनाची जन्मपत्रिका आहे.

आता आतील रबराकडे वळू. एबोनाइट प्रकाशाने तपकिरी वा शेवाळी पडते. टोपणाखालचा भाग काळाभोर आणि बाहेरचा फिका, हे प्रामाणिक वयाचे लक्षण मानावे. सारेच सारखे काळेकुळीत असेल, तर रंग चढवला असण्याची शक्यता असते. गंमत अशी, की याच रबरातील गंधक वरच्या चांदीला काळी करते. पेनाचा शत्रू पेनाच्या पोटातच आहे.

म्हणून साफसफाई जपून. चिंच, रांगोळी, भांड्यांची पावडर यांपैकी काहीही लावू नये. सोडा, अॅल्युमिनियमची पन्नी आणि गरम पाण्याचा घरगुती उपाय तर घातकच; गरम पाण्यात एबोनाइटचा रंग काही मिनिटांत उडतो. कोरड्या मऊ सुती कापडाने उंचवटे हलके पुसावेत, खोबणीतील काळपटपणा तसाच ठेवावा. नक्षी त्याच्यामुळेच उठून दिसते. अडकलेली तरफ जोर लावून उचलू नये, कारण आतील रबरी पिशवी वाळून दगड झालेली असते. पेनाभोवती रबरबँड गुंडाळून ठेवणे म्हणजे गंधकाला आमंत्रण.

खरेदीची हौस असल्यास चर्चगेट लोकलने ग्रँट रोड गाठावे. तेथून चोरबाजारातील मटण स्ट्रीट पायी जाण्याच्या अंतरावर आहे. भिंग खिशात असावे आणि निब प्रथम पाहावा. मूळ कंपनीचा सोन्याचा निब, टोकावरील कठीण मण्यासह शाबूत असेल तर घासाघीस थोडी सैल ठेवण्यास हरकत नाही. विकायचे असेल तर आणखी एक बाब ध्यानात घ्यावी. १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलाकुसरीच्या वस्तू खासगी व्यक्तीला परदेशी पाठवता येत नाहीत. १९२०च्या आसपासचे मढवलेले पेन आता या वयात आले आहे. परदेशी ग्राहकाला होकार देण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे विचारणा करून वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो का, हे पाहावे.