पेनिसिलिनबरोबर आलेला इशारा

‘औषधाला गुण आला’ असे आपण म्हणतो. ‘आता ते औषध लागू पडत नाही, शरीराला त्याची सवय झाली’ असेही म्हणतो. प्रतिजैविकांच्या, म्हणजे अँटिबायोटिक्सच्या बाबतीत हे दुसरे वाक्य चुकीचे आहे. सवय शरीराला होत नाही, जंतूंना होते. शरीर ज्याचे त्याचे असते. जंतू मात्र एकाकडून दुसऱ्याकडे जातात. हा फरक समजून घ्यायला पेनिसिलिनचा इतिहास उपयोगी पडतो.

लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात १९२८ मध्ये अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवतीचे जंतू नाहीसे झालेले दिसले, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. पण त्या बुरशीतून औषध काढले ते ऑक्सफर्डच्या फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फेब्रुवारी १९४१ मध्ये त्यांनी ते अल्बर्ट अलेक्झांडर या पोलीस शिपायाला टोचले. त्याच्या चेहऱ्यावर आणि डोक्यावर पू झाला होता, एक डोळा काढावा लागला होता. एका दिवसात त्याला उतार पडला. पण औषध इतके थोडे होते की, ते त्याच्या लघवीतून परत मिळवून पुन्हा टोचावे लागे. काही दिवसांत तेही संपले. उरलेल्या जंतूंनी उचल खाल्ली आणि १५ मार्चला तो गेला.

त्याला औषध पुरले नाही, हा त्या काळाचा नाइलाज होता. पण त्याही आधी, १९४० मध्येच, चेन आणि एडवर्ड अब्राहम यांनी नोंदवून ठेवले होते की काही जंतू पेनिसिलिनचा नाश करणारे द्रव्य स्वतःच तयार करतात. म्हणजे त्या शिपायाला सुई टोचण्यापूर्वीच शास्त्रज्ञांना जंतूंची ढाल दिसली होती.

१९४५ मध्ये फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात फ्लेमिंग यांनी एक काल्पनिक गोष्ट सांगितली. घसा दुखतो म्हणून एक गृहस्थ आपल्याच मनाने पेनिसिलिन घेतात, तेही अपुरे. जंतू मरत नाहीत, उलट तयार होतात. तेच जंतू त्यांच्या पत्नीला लागतात. तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही आणि ती दगावते. या मृत्यूला जबाबदार कोण, असे फ्लेमिंग यांनी विचारले. औषध चुकीचे घेतले एकाने, जीव गेला दुसऱ्याचा.

आपल्याकडे पिंपरीला १९५४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. औषध सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, हे चांगलेच झाले. मात्र औषध घरोघरी पोचले आणि इशारा मागे राहिला. सर्दी-पडसे आणि फ्लू हे विषाणूंचे आजार. प्रतिजैविकांचा त्यांच्यावर काहीही परिणाम होत नाही. तरीही दुकानात जाऊन ‘दोन गोळ्या द्या’ म्हणण्याची पद्धत पडली. फ्लेमिंग यांना अपुऱ्या औषधाची भीती होती. विनाकारण घेतलेले औषधही तेच करते, हे आज आपल्याला कळले आहे. दर वेळी अंगातले दुबळे जंतू मरतात आणि चिवट जंतूंना मोकळे रान मिळते.

डॉक्टरांची चिठ्ठी आधीपासूनच सक्तीची होती. १ मार्च २०१४ पासून काही महत्त्वाच्या प्रतिजैविकांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवून ती ३ वर्षे जपण्याचे बंधनही दुकानदारांवर आले. पण कायदा दुकानापर्यंतच पोचतो. घरातल्या डब्यात उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देताना कोणी नोंद ठेवत नाही.

‘गरज सरो, वैद्य मरो’ ही म्हण आपल्याकडे आहेच. ताप उतरला की आपण डॉक्टरांना न विचारता गोळ्या थांबवतो आणि पुढच्या तापासाठी जपून ठेवतो. त्याऐवजी डॉक्टरांना दोनच प्रश्न विचारावेत: हे प्रतिजैविक खरोखर लागणार आहे का, आणि किती दिवस घ्यायचे? ‘नको’ असे उत्तर मिळाले तर रिकाम्या हाताने परतताना वाईट वाटून घेऊ नये. न घेतलेली ती गोळी उद्या कोणा न्यूमोनियाच्या रोग्याच्या कामी येईल. कदाचित तो रोगी आपल्याच घरातला असेल.