मध्यस्थ आणि लवाद यांनी कसे वागले पाहिजे? बेंगळुरूमधील पक्षकारांसाठी माहिती

न्यायालयाने तुमचे प्रकरण मध्यस्थीसाठी पाठवले असेल, तर तेथे समोर बसणारी व्यक्ती न्यायाधीश नसते, हे आधी लक्षात घ्या. मध्यस्थ निकाल देत नाही. तो दोन्ही बाजू ऐकतो, तडजोडीचा मार्ग शोधायला मदत करतो. मान्य करायचे की नाही, हे तुम्ही ठरवता. ‘नाही’ म्हटल्याने कोणी प्रकरण हरत नाही. ते न्यायालयात परत जाते आणि पुढे चालते.

शहरात हे काम बेंगळुरू मध्यस्थी केंद्रात होते. कर्नाटक उच्च न्यायालयाच्या देखरेखीखालील हे केंद्र 1 जानेवारी 2007 रोजी सुरू झाले. ते एच. सिद्दय्या रस्त्यावरील न्याय देगुल इमारतीत आहे. पोटगी, वाटणी, घरभाडे, पैशांची देणीघेणी अशी प्रकरणे येथे येतात. न्यायालयाने पाठवलेल्या प्रकरणात पक्षकारांकडून मध्यस्थीची फी घेतली जात नाही. कोणी मागितली तर देऊ नका.

मध्यस्थाकडून काय अपेक्षा ठेवावी?

पहिली गोष्ट निःपक्षपातीपणाची. समोरच्या पक्षाशी नाते, ओळख किंवा व्यवहार असेल तर मध्यस्थाने तो आपणहून सांगायचा असतो. तुम्हाला शंका असेल तर मध्यस्थ बदलून देण्याची विनंती केंद्राकडे करता येते. त्याच वादात पुढे तो कोणाचा वकील किंवा लवाद होऊ शकत नाही, असे मध्यस्थी कायदा, 2023 सांगतो.

दुसरी गोष्ट गुप्ततेची. मध्यस्थ प्रत्येक पक्षाशी वेगळेही बोलतो. तेव्हा सांगितलेले तुमच्या परवानगीशिवाय समोरच्याला सांगायचे नसते. न्यायालयालाही नाही. तडजोड झाली नाही, तर ‘मध्यस्थी यशस्वी झाली नाही’ एवढेच कळवायचे, आत काय बोलणे झाले ते लिहायचे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2010 मध्ये स्पष्ट केले आहे. त्यामुळे ‘एवढ्या रकमेला मी तयार आहे’ असे बोलून गेलात तरी ते पुढे तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही.

दबाव मात्र ओळखायला शिका. ‘मुलांसाठी सोडून द्या’, ‘कोर्टात वर्षे जातील’ असे कोणीही म्हणू शकते आणि त्यात तथ्यही असू शकते. पण विचार करायला वेळ मागितल्यावर चांगला मध्यस्थ तो देतो. मारहाणीची भीती असेल तर समोरासमोर बसणार नाही, वेगळे बोलेन, असे सुरुवातीलाच सांगा.

सही करण्यापूर्वी

तडजोडनामा न्यायालयात सादर झाला की त्यानुसार हुकूमनामा होतो. संमतीने झालेल्या अशा हुकूमनाम्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 96 नुसार अपील होत नाही. म्हणून रक्कम, हप्त्यांच्या तारखा, खाते क्रमांक आणि हप्ता चुकल्यास काय, हे सगळे कागदावर आहे का ते पाहा. मजकूर कन्नड किंवा इंग्रजीत असेल तर तुम्हाला कळेल अशा भाषेत वाचून व समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. भाषेची अडचण पहिल्याच बैठकीत सांगितलेली बरी.

लवाद वेगळा

लवाद निवाडा देतो आणि तो हुकूमनाम्याप्रमाणे वसूल करता येतो. कर्जाच्या करारात बहुधा याचे कलम असते. हप्ते थकले की कर्ज देणाऱ्या कंपनीनेच नेमलेल्या लवादाची नोटीस घरी येते. निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे. वाद सुरू झाल्यानंतर तुम्ही लेखी संमती दिलीत तर मात्र ही हरकत उरत नाही. म्हणून अशा नोटिशीसोबतच्या कागदावर घाईने सही करू नका. नोटीस बाजूला ठेवून देणे तर सर्वात वाईट, कारण तुमच्या गैरहजेरीतही निवाडा होऊ शकतो. निवाडा हाती आल्यापासून 3 महिन्यांत न्यायालयात आव्हान द्यावे लागते. सबळ कारण दाखवल्यास न्यायालय आणखी 30 दिवस देऊ शकते, त्यापुढे नाही.

मोफत वकील

महिला, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सेवा मिळते. इतरांना उत्पन्नमर्यादा लागू आहे. मध्यस्थीला जाताना किंवा लवादाच्या नोटिशीला उत्तर देताना हा वकील सोबत घेता येतो. अर्ज जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात करावा, अथवा 15100 या क्रमांकावर फोन करावा.