विश्रामबागवाडा : वास्तू, आश्रय आणि वाङ्मयेतिहास

मराठी वाङ्मयेतिहासात १८१८ हे वर्ष जुन्या व नव्या कालखंडांमधील सीमारेषा म्हणून सहसा स्वीकारले जाते. पुण्यातील विश्रामबागवाड्याच्या रहिवाशांचा क्रम पाहता ही रेषा वाटते तितकी ठळक राहत नाही.

दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला हा वाडा शनिवारवाड्याप्रमाणे दुर्गसदृश नाही. कोरीव लाकूडकाम केलेला त्याचा सज्जा थेट रस्त्यावर उघडतो. तरीही पेशव्याचे वास्तव्य येथे जेमतेम दशकभराचे. १८१८ मध्ये राज्य गेले आणि बाजीरावाची रवानगी बिठूरला झाली. वाडा मात्र रिकामा राहिला नाही. १८२१ मध्ये कंपनी सरकारने येथे संस्कृत पाठशाळा उघडली व तिच्या खर्चासाठी पेशवेकालीन दक्षिणेतील काही रक्कम वळवली. धनी बदलला; विद्वानांना पोसणारा निधी आणि न्याय, व्याकरण, अलंकार यांचे अध्यापन करणारा शास्त्रीवर्ग बव्हंशी तोच राहिला. पाठशाळेचे दारही प्रारंभी ब्राह्मण विद्यार्थ्यांपुरतेच उघडे होते. सातत्याची ही दुसरी बाजू नजरेआड करता येणार नाही.

१८३७ पासून पाठशाळेची सूत्रे टॉमस कँडी यांच्याकडे आली. मोल्सवर्थ यांचे कोशकार्यातील सहकारी आणि मराठीत विरामचिन्हे रूढ करणारे म्हणून ते परिचित आहेत. याच पाठशाळेत घडलेल्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी ‘मेघदूता’चे पद्य भाषांतर केले आणि अरबी भाषेतील सुरस कथाही मराठीत आणल्या. नव्या गद्याची पूर्वतयारी अशी शास्त्राध्ययनाच्या ओसरीवरच झाली.

हे स्थित्यंतर निर्वेध नव्हते. दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेसाठी खर्च व्हावा, असा अर्ज १८४९ मध्ये लोकहितवादींसह सुधारकांनी केला, तेव्हा पुण्यातील सनातनी वर्गाने त्याला कडवा विरोध केला. जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. वाद केवळ पैशाचा नव्हता. ज्ञानाची भाषा कोणती आणि त्याचा अधिकारी कोण, हा त्यातील खरा प्रश्न होता. १८५१ मध्ये पाठशाळा व इंग्रजी शाळा यांच्या एकीकरणातून पूना कॉलेज उभे राहिले. १८६४ मध्ये ते डेक्कन कॉलेज झाले आणि १८६८ मध्ये येरवड्याजवळील नव्या इमारतीत गेले.

मे १८७९ च्या आगीत बुधवारवाडा नष्ट झाला, विश्रामबागवाड्याचीही मोठी हानी झाली. दुरुस्तीनंतर तेथे नगरपालिकेची कार्यालये आली. आज वास्तूची ओळख उरली आहे ती पेशव्याच्या नावाने. सर्वांत अल्पकाळ राहिलेल्या रहिवाशाचे नाव टिकावे आणि वाङ्मयाला वळण देणारी पाठशाळा विस्मृतीत जावी, हा निव्वळ योगायोग नाही. राजवटींच्या तारखांवरून कालखंड आखणाऱ्या इतिहासदृष्टीचा तो परिणाम आहे. आश्रयाची व्यवस्था आणि तिच्यातून वगळले गेलेले समाज यांचा विचार केल्याविना अर्वाचीन मराठी गद्याच्या उदयाची मांडणी अपुरीच राहील.