न्योसचा धडा दोन वर्षं आधीच मिळाला होता

21 ऑगस्ट 1986च्या रात्री कॅमेरूनच्या वायव्य डोंगराळ भागात न्योस सरोवराखालच्या खोऱ्यांत सुमारे 1,700 माणसं आणि हजारो गुरं मेली. न्योस, चा, सुबुम या गावांतली घरं जशीच्या तशी उभी होती. कुठे आग नव्हती, लाव्हा नव्हता. मारेकरी होता तो कार्बन डायऑक्साइड, हवेपेक्षा दीडपट जड. जुन्या ज्वालामुखीच्या विवरात साचलेल्या या दोनशे मीटर खोल सरोवराच्या तळाशी तो वर्षानुवर्षं झिरपत होता आणि वरच्या पाण्याच्या दाबाखाली विरघळून राहत होता. त्या रात्री हा समतोल बिघडला. वायू उसळून बाहेर पडला आणि उतार धरून खोऱ्यांतून पंचवीस किलोमीटरपर्यंत वाहत गेला. हवेत तो दहा टक्क्यांच्या आसपास झाला की काही मिनिटांत माणसाची शुद्ध हरपते. ही आपत्ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती, असं सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही.

कारण 15 ऑगस्ट 1984 रोजी त्याच देशातल्या मोनून सरोवराकाठी अशाच रीतीने 37 माणसं मेली होती. त्याहीआधी, फेब्रुवारी 1979मध्ये, इंडोनेशियातल्या डिएंग पठारावर स्फोटाच्या भीतीने घर सोडून पळणारे शंभराहून अधिक गावकरी वाटेतच वायूने गुदमरले. ज्यापासून ते पळत होते त्याने त्यांना मारलंच नाही. नेपल्सजवळच्या कुत्र्याच्या गुहेत तर पर्यटकांच्या करमणुकीसाठी कुत्र्याला जमिनीलगत धरून बेशुद्ध करण्याचा क्रूर खेळ काही शतकं चालला. हा वायू खाली साचतो आणि जीव घेतो, हे ज्ञान नवं नव्हतं. पण ज्वालामुखीचा धोका म्हणजे आग, हा समज इतका घट्ट होता की हे पुरावे एकमेकांशेजारी मांडून पाहिलेच गेले नाहीत.

न्योसनंतरही हा समज सुटला नाही. हारून ताझिएफसारखे नामांकित ज्वालामुखीतज्ज्ञ याला उद्रेकच मानत होते आणि त्यांच्या बाजूने पुरावाही होता: वाचलेल्यांच्या अंगावर भाजल्यासारख्या जखमा होत्या, गंधकासारखा वास आल्याचं काहींनी सांगितलं होतं. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पण सरोवराचं पाणी उकळलेलं नव्हतं, त्यात गंधकाचं प्रमाण नगण्य होतं, तळाचा गाळही फारसा ढवळलेला नव्हता. शिवाय बराच काळ निपचित पडलेल्या देहावर तशा जखमा होऊ शकतात आणि कार्बन डायऑक्साइडच्या माऱ्यात नसलेला वासही येतो. वायूचा उगम शिलारसातलाच, ज्वालामुखीचं खापर तेवढ्यापुरतं खरं. त्या रात्रीचा उद्रेक मात्र पाण्याचा होता.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे: इशारे होते असं मानलं, तरी त्यांवरून आधी करता काय आलं असतं? युजेनिया शँकलिन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी या भागातल्या माणसं गिळणाऱ्या सरोवरांच्या दंतकथा गोळा केल्या. कोम लोकांच्या कथेत राजाच्या देहातून सरोवर तयार होतं आणि मासे धरायला आलेल्या शत्रूंना पोटात घेतं. अशा कथेवरून गाव हलवायचं का? नाहीच, तिच्यात ना नेमकी जागा, ना काळ. पण मोनूननंतर त्या मुलखातल्या प्रत्येक विवर-सरोवराच्या तळाचं पाणी तपासायला मात्र ती पुरेशी होती, आणि तपासणी म्हणजे काही मोठी यंत्रणा उभारायची नव्हती. खोलवरचं पाणी वर आणायचं आणि ते फसफसतं का, एवढंच बघायचं.

उपायही साधाच निघाला. 2001मध्ये न्योसच्या तळापर्यंत एक उभी नळी सोडली. खालचं पाणी एकदा पंपाने वर ओढलं की पुढे त्यातला वायूच ते उसळवत राहतो. सुमारे पन्नास मीटर उंचीचं कारंजं विजेशिवाय चालू राहिलं. 2003मध्ये मोनूनला आणि 2011मध्ये न्योसला आणखी दोन, अशा नळ्या बसल्या. काँगो आणि रवांडा यांच्या सीमेवरच्या किवू सरोवरात मात्र याच्या कितीतरी पट, सुमारे 300 घन किलोमीटर, कार्बन डायऑक्साइड विरघळलेला आहे आणि त्याच्या काठी वीस लाखांहून अधिक माणसं राहतात.